गावच्या इतिहासाचं व्याख्यान ठेवताय? आधी सातबारे काढा

आमच्या करवीर तालुक्यात गावोगावी तालमी आहेत, वाचनालयं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. कधीतरी प्रत्येकाला 'आपल्या गावचा इतिहास' ठेवायची हुक्की येते. शहरातून वक्ता येतो, शिवाजी महाराज पन्हाळ्यावरनं विशाळगडाला निघतात, शाहू महाराज राधानगरीचं धरण बांधतात, टाळ्या पडतात. सगळं खरं, पण यात आपलं गाव कुठं आलं? मी जन्मभर तलाठ्याची नोकरी केली, आता संघाचा सचिव आहे. त्यामुळं माझी सुरुवात दप्तरापासून.

वक्ता नंतर ठरवा. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. सोसायटीच्या कर्जाला उतारा काढणारा त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. जाणत्या शेतकऱ्यांकडनं उतारे मागून घ्या आणि ती नावं एका कागदावर उतरवा. मठाचा माळ, घोडेपागा, पांढरीचं शेत, तळ्याची पट्टी. आज जिथं ऊस उभा आहे त्याला 'तळ्याची पट्टी' का म्हणतात, हा प्रश्न वक्त्याला पंधरा दिवस आधी पाठवा. प्रश्न बघून उत्सुकतेनं उलट फोन करणारा वक्ता पक्का करा.

जोडीला जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, चाळा. देवस्थान इनाम, पाटीलकी, महार वतन या नोंदींवरनं कुणाकडं कुठलं काम होतं आणि त्यापोटी कुठली जमीन होती ते कळतं. शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन, म्हणजे गावचं दप्तर ठेवायचा वंशपरंपरेचा हक्क, काढून पगारी तलाठी नेमले. म्हणजे त्याआधीचे कागद कुलकर्ण्यांच्या माळ्यावर असण्याचा संभव जास्त. तिथं चहाला जाऊन बसा. कागद मोडीत असतील तर वाचणारा कोल्हापुरात मिळतो, आणि संस्थानी काळाच्या दप्तरासाठी पुराभिलेखागार आहेच. जुन्या कागदावर शक असेल तर 78 मिळवा, इसवी सन येतं. खिद्रापूरच्या कोपेश्वरात यादव राजा सिंघणाचा शके 1136 चा लेख आहे, म्हणजे साधारण 1214.

एक ताकीद. कागद बाहेर आला की भाऊबंदकी जागी होते. सभेत गट नंबर आणि बांध यावर एक अक्षर बोलायचं नाही, हे आमंत्रणातच छापा. मालकाच्या परवानगीशिवाय मोबाईलवर फोटो नाही. आणि जुना कागद लॅमिनेट करून आणू नका, हे दहादा सांगा.

व्याख्यानाच्या दिवशी वक्त्याला ऊन कलताना बोलवा आणि आधी गावातनं फिरवा. मारुतीच्या देवळामागं, पारापाशी शेंदूर फासलेला एखादा दगड बहुतेक गावांत असतो. लोक त्याला देव म्हणून नारळ फोडतात. नीट बघितलं तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, निघतो. खालच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार घेतलेला माणूस. मधल्यात अप्सरा त्याला वर नेतायत. वरच्यात तोच माणूस शिवलिंगापुढं हात जोडून, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दगड घासू नका, खडू-चुना तर मुळीच लावू नका. कलत्या उन्हात कोरीव काम आपोआप उठून दिसतं; अंधार पडला तर बॅटरी समोरनं न मारता एका बाजूनं मारा. शाळेची पोरं सोबत घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तिखट.

व्याख्यानाची वेळ ठेवायची ती डेअरीत दूध घालून झाल्यावर, रात्री आठच्या पुढं. म्हाईचा, म्हणजे गावजत्रेचा, आठवडा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस आणि पंचगंगेला पाणी चढायचे जुलै-ऑगस्ट टाळा.

सत्कार! कार्यक्रम बुडतो तो इथंच. शाल-श्रीफळ एकट्या वक्त्याला, तेही शेवटी. सरपंचांना आणि तालमीच्या अध्यक्षांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, म्हणजे रुसवा राहत नाही. वक्त्याला चाळीस मिनिटं द्या, उरलेला वेळ गावचा. माइक पहिल्यांदा बायकांच्या बाजूला फिरवा. गडीमाणसं कुस्त्या आणि निवडणुका सांगतात. कुठली विहीर कधी आटली, प्लेगच्या साथीत कुठल्या घरातली माणसं रानात राहायला गेल्याचं ऐकलंय, हे म्हाताऱ्या सांगतात. वळिवड्याच्या आसपासचं गाव असेल तर 1943 ते 1948 या काळात तिथं असलेल्या पोलंडच्या निर्वासितांच्या छावणीचं जरूर विचारा. हजारो परदेशी बायका-पोरं तिथं राहिली, आजी-आजोबांकडनं काहीतरी ऐकलेलं निघतंच.

सगळं रेकॉर्ड करा, पण फोन स्पीकरजवळ न ठेवता बोलणाऱ्याजवळ ठेवा. भजी आणि चहा शेवटी. आधी दिलात तर निम्मी मंडळी कपासोबत बाहेर जातात. आठवड्याच्या आत कुणीतरी तरण्या पोरानं ते उतरवून काढावं, ज्यानं सांगितलं त्याचं नाव आणि वय पुढं लिहावं, आणि एकेक प्रत शाळेत, वाचनालयात नि ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. पोच मात्र सही-शिक्क्याची.