समोर तिघे असतील तर

मी बॉक्सिंग शिकवतो. नव्या पोरांचा प्रश्न ठरलेला: "सर, तीन-चार जण अंगावर आले तर?" पळायचं. वाट मोकळी असेल तर दुसरा विचारच नको.

वाट नसेल तर पायांवर भिस्त ठेवा. घोळक्याच्या मधे कधीच उभं राहू नका. सतत कडेला सरका, म्हणजे ते एकामागे एक येतात आणि पुढचाच मागच्यांना आडवा येतो. एकाशी झोंबत बसलात की दुसरा पाठीमागून मारतो. तो शिकलेला नसला तरी मागून मारायला शिकावं लागत नाही! ज्युदो, कुस्तीवाल्यांना हे जड जातं, कारण पकडायची सवय असते. पण खाली पडलात की लाथा डोक्यावर येतात. पडलात तर हनुवटी छातीशी, हात डोक्याभोवती, आणि लगेच उठा.

ग्लोव्हशिवाय, नुसत्या मुठीने कवटीवर ठोसा मारू नका, करंगळीमागचं हाड मोडतं. तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा जाड भाग, वापरा. एक-दोन फटके, फट मिळाली की बाहेर.

रिंगमध्ये 3 मिनिटांनंतर 1 मिनिट विश्रांती मिळते, इथे नाही. जीव तोडून मारलंत तर मिनिटभरातच दम संपतो. कुणाच्या हातात चाकू दिसला तर तुमची सगळी पदकं विसरा.

सरावात मी एकावर तिघे सोडतो, हलक्या हाताने. त्याने फक्त दारापर्यंत पोहोचायचं. चांगले चांगले भिंतीला अडकतात.