सिद्धताजाल रेखाटून वाक्यपृथक्करण कसे करावे

शाळेत वाक्यपृथक्करण करताना आपण कर्ता, कर्म, क्रियापद असे रकाने पाडतो. तेच काम शब्दांवर कमानी काढूनही करता येते. गणितज्ञ योआखिम लाम्बेक यांनी १९५८ मध्ये शब्दांना तार्किक सूत्रे देण्याची पद्धत मांडली आणि तर्कशास्त्रज्ञ झाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये रेषीय तर्कशास्त्रासह सिद्धताजाले, म्हणजे सिद्धता जोडरेषांनी दाखवणाऱ्या आकृत्या, आणली. रेषीय तर्कात प्रत्येक गृहीतक (येथे प्रत्येक शब्द) नेमके एकदाच वापरायचे असते. त्याच्या क्रमसापेक्ष प्रकारात गृहीतकांची अदलाबदलही चालत नाही, म्हणूनच तो वाक्याला साजेसा ठरतो.

‘राम आंबा खातो’ हे वाक्य घ्या. ‘राम’ला क (कर्ता), ‘आंबा’ला म (कर्म) आणि पूर्ण वाक्याला व ही अक्षरे द्या. ‘खातो’चे सूत्र म\(क\व) असे लिहा, डावीकडे आधी म आणि मग क मिळाला, की व तयार होतो, असा त्याचा अर्थ.

आता सूत्रे उलगडून प्रत्येक अक्षराखाली ‘आहे’ किंवा ‘हवे’ असे लिहा: राम – क आहे, आंबा – म आहे, खातो – म हवे, क हवे, व आहे, शेवटी साध्य (म्हणजे जे सिद्ध करायचे ते पूर्ण वाक्य) – व हवे.

त्यानंतर ‘आहे’ आणि ‘हवे’ यांच्या सारख्या अक्षरांच्या जोड्या कमानींनी जोडा. म-म ही कमान आत, तिच्यावरून क-क आणि उजवीकडे व-व येते. एकही अक्षर सुटता कामा नये, कमानी एकमेकींना छेदता कामा नयेत आणि ‘खातो’ची तिन्ही अक्षरे एका फांदीने बांधल्यावर सारी आकृती एकसंध, पण वेढा (बंद फेरा) नसलेली हवी. (साध्याच्या सूत्रातच \ ही तिरकी रेघ असेल, तर तिथल्या दोन फांद्यांपैकी कोणतीही एक तोडली तरी ही अट टिकावी लागते, ही दानोस आणि रेन्ये या तर्कशास्त्रज्ञांची १९८९ ची कसोटी.) ‘राम आंबा पेरू खातो’ यात एक म उरतो, म्हणून हे जाल फसते.

खरी गंमत ‘आंबा राम खातो’ या वाक्यात आहे. मराठी माणसाला ते चालते, पण येथे कमानी छेदतात. अशा वेळी छेदण्याची मनाई उठवू नये. ‘खातो’ला क\(म\व) हे दुसरे सूत्र द्यावे. मनाईच उठवली, तर ‘पिकलेला आंबा’ यातले ‘पिकलेला’ हे विशेषण आंब्याला सोडून वाक्यातल्या त्याच अक्षराच्या कोणत्याही नामाला जाऊन चिकटेल.