डिजिटल कॅमेऱ्यावर पिनहोल करताय? मग या चुका टाळा

बॉडी कॅपला (लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याच्या तोंडावर लावायचं झाकण) भोक पाडून पिनहोल करायचं, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोकातून फोटो काढायचं, खूळ परत आलंय, चांगलंच आहे, पण दर दोन आठवड्यांनी कोणीतरी मला धुक्यात काढल्यासारखे फोटो पाठवतं आणि विचारतं, "दादा, पिनहोल असंच येतं ना?" नाही रे बाबा, असं नाही येत.

सगळी बोंब भोकात असते. कॅपला ड्रिलने मोठं भोक पाडायचं आणि त्यावर बारीक भोकाचा पत्रा चिकटवायचा, हे बारीक भोकच महत्त्वाचं. सुई आरपार खुपसायची नसते! कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा जुन्या मासिकावर ठेवायचा, सुईच्या टोकाने टेंगूळ येईल इतकंच दाबायचं, उलटा करून ते टेंगूळ बारीक पॉलिश पेपरने घासायचं, परत टोक, परत घासणं. मला अर्धा तास लागतो, दोन मिनिटांत उरकणाऱ्यांनी सरळ ॲपमधला फिल्टर लावावा. डीएसएलआरला कॅपपासून सेन्सर (फोटो टिपणारी चिप) साधारण 45 मिमीवर, त्याला भोक हवं 0.3 मिमीच्या आसपास. मिररलेसला (आत आरसा नसलेला कॅमेरा) अंतर कमी, 16 ते 20 मिमी, मग 0.2 पुरे. मोजायला तुकडा स्कॅनरवर 2400 डीपीआयला टाका, भोक 28 पिक्सेल रुंद दिसलं म्हणजे 0.3 मिमी. आणि "अजून बारीक केलं तर अजून शार्प" हेही डोक्यातून काढा, फार बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि फोटो परत मऊच येतो.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. कॅपला ड्रिल मारलं, तोंडाने फू केलं, कॅमेऱ्याला लावली आणि लोकल पकडून दादर चौपाटी. समोर सी लिंक, ओहोटी, चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघतो तर आकाशात काळे ठिपके. आधी वाटलं घारी असतील, चौपाटीवर असतातच. पुढच्या फोटोत घारी तिथेच. तिसऱ्यातही तिथेच, आणि कॅमेरा आडवा होता तिथून उभा केला तरी त्या फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात! ड्रिलचा चुरा सेन्सरवर गेला होता. एरवी लेन्सचं भोक मोठं, म्हणजे एफ/4 ला असताना अशी धूळ कळतही नाही (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक), पण पिनहोल म्हणजे जवळपास एफ/150, एकेका कणाची सावली ठसठशीत पडते. सेन्सर साफ करून घ्यायला गेलो तर दुकानवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. आता कॅप साबणाच्या पाण्याने धुतो, रात्रभर वाळवतो, आतून काळा मार्कर फिरवतो (कॅनचा चकचकीत पत्रा आत रिफ्लेक्शन मारतो), मगच लावतो. फू अजिबात नाही, थुंकी उडते, ब्लोअर घ्या.

बाकी किरकोळ. शटर दबत नाही म्हणून कॅमेरा रिपेअरला नेऊ नका, एम (मॅन्युअल) मोडवर टाका आणि मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करायचा ऑप्शन शोधा. डीएसएलआर असेल तर लांब एक्सपोजरला (शटर बराच वेळ उघडं असताना) व्ह्यूफाइंडर झाका, मागून उजेड शिरतो. पत्रा चिकटवायला काळी इलेक्ट्रिकल टेप, सेलोटेप नको.

आणि हातात धरून काढू नका. भर उन्हात आयएसओ 100 ला 1 सेकंद तरी लागतो, ढग आले की 4-5. ट्रायपॉड उघडला की कुठूनतरी सिक्युरिटीवाला उगवतोच, म्हणून मी जुन्या मोज्यात तांदूळ भरून गाठ मारलीये, त्यावर कॅमेरा ठेवायचा आणि 2 सेकंदांचा टायमर. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मस्त बसतो तो मोजा.