महाराष्ट्राची गाडी इंदुरात आणल्यावर: नोंदणी आणि नंबर प्लेट नियमात कशी बसवावी

पुण्या-नाशिकची नोकरी सोडून आई-वडिलांजवळ राहायला परतलेली, किंवा बदली होऊन इंदूरला आलेली मराठी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या वसाहतींतून सकाळी फिरायला निघाले, की दारांपुढे उभ्या असलेल्या एमएच-१२, एमएच-१४, एमएच-१५ या गाड्या सहज नजरेस पडतात. सेंधव्याचा घाट चढून आलेली ही गाडी आणली त्या दिवशी बेकायदा नसते. पण मालक वर्ष-दीड वर्ष 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहतो, आणि मग एखाद्या चौराह्यावर गाडी बाजूला घ्यायला लागली की कागदांची शोधाशोध सुरू होते. ही वेळ टाळता येते, म्हणून क्रमाने काय करावे ते येथे सविस्तर मांडले आहे.

आधी कायदा नेमका काय सांगतो ते समजून घ्यावे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी संपूर्ण भारतात ग्राह्य असते. त्यामुळे 'परराज्यातील प्लेट आहे' एवढ्याच कारणाने गाडी अवैध ठरत नाही. मात्र कलम ४७ असे सांगते की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नोंदणी प्राधिकरणाकडून नवा क्रमांक घेतला पाहिजे. त्यासाठीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २७, ही बारा महिन्यांची मुदत संपल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो. याशिवाय निवासाचा पत्ता बदलल्याची सूचना देण्याची वेगळी जबाबदारी कलम ४९ मध्ये आहे आणि तिची मुदत तीस दिवसांची आहे. अनेक जण या दोन मुदतींची गल्लत करतात.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. नोंदणी हा केंद्रीय कायद्याचा विषय आहे, तर वाहनकर राज्याचा. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचा कर एकदम भरलेला असला, तरी तो मध्य प्रदेशाच्या तिजोरीत गेलेला नसतो. म्हणून 'टॅक्स भरलेला आहे' हे उत्तर चौराह्यावर पुरेसे पडत नाही, आणि येथे कायम राहायचे ठरलेच असेल तर बारा महिन्यांच्या काठापर्यंत थांबण्यात काही शहाणपण नाही.

तारीख सिद्ध करता येईल असे पहिल्या दिवसापासून वागावे

गाडी इंदुरात केव्हा आली, हाच वादाचा मुद्दा असतो, आणि त्याचा पुरावा मालकानेच जवळ ठेवावा लागतो. फास्टॅगच्या खात्यात प्रत्येक टोल नाक्याची तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. धुळ्याहून पुढे येताना कापलेल्या टोलची ती नोंद उतरवून घेऊन जपावी. बदलीचा आदेश, घराचा भाडेकरार, पुण्यातील शेवटच्या सर्व्हिसिंगचे बिल हेही त्याच फाइलमध्ये लावावे. आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधून दाखवले तरी चालतात, परंतु टोलची पावती आणि भाडेकरार त्यात नसतात, हे लक्षात असू द्यावे.

एनओसी: सगळ्यात वेळ खाणारी पायरी

नवा क्रमांक मिळण्यापूर्वी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज फॉर्म २८ मध्ये करायचा असतो. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेची लेखी संमती आधी मिळवावी, कारण तिच्यावाचून अर्ज पुढे सरकतच नाही. गाडी चोरीच्या गुन्ह्यात गुंतलेली नाही, याची खातरजमा पोलिसांच्या नोंदीवरून केली जाते. थकलेली ई-चालाने आधीच भरून टाकावीत. विमा आणि पीयूसी चालू असावेत.

या अर्जाला चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट जोडतात, आणि तो घरीच शांतपणे काढलेला बरा. चेसिस क्रमांक नेमका कोठे कोरलेला आहे, ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. त्या जागेवरची धूळ आणि वंगण कापडाने पुसून पातळ पांढरा कागद घट्ट धरावा, आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवावी. एकेक अक्षर कागदावर उमटू लागते. उमटलेला क्रमांक आरसीवरील क्रमांकाशी अक्षरागणिक ताडून पाहावा. जुनी गाडी विकत घेतलेली असेल, तर ही तुलना कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. या एका कागदावर पुढचे सगळे कागद उभे असतात.

कलम ४८ मध्ये मालकाच्या सोयीची एक तरतूद आहे. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत कार्यालयाने नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिले असे कायद्याने मानले जाते. प्रत्यक्षात पुढच्या कार्यालयाला कागद हवा असतोच, पण पाठपुरावा करताना या तरतुदीचा नम्रपणे उल्लेख करावा. त्याचा उपयोग होतो.

नायता मुंडल्याचे काम

इंदूरचे आरटीओ कार्यालय नायता मुंडला येथे आहे. एनओसी हातात आल्यावर फॉर्म २७, मूळ आरसी, इंदूरच्या पत्त्याचा पुरावा, विमा आणि पीयूसी घेऊन तेथे जावे. गाडी सोबत न्यावी, कारण चेसिस क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष तपासला जातो. कर गाडीचे वय आणि किंमत यांवरून ठरतो. तो भरल्यावर एमपी-०९ चा क्रमांक मिळतो.

त्यानंतरचे एक काम बहुतेक जण सोडून देतात, ते म्हणजे महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागण्याचे. नवी आरसी, येथील कराची पावती, एनओसीची प्रत आणि बँक खात्याचा तपशील जोडून मूळ आरटीओकडे अर्ज करावा. परतावा गाडीच्या वयाप्रमाणे घटत जातो, म्हणून तो जितका लवकर मागाल तितका अधिक मिळतो.

विमा कंपनीला नवा क्रमांक लेखी कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी आणि फास्टॅगवरील क्रमांकही बदलून घ्यावा. अपघातानंतर पॉलिसीवर एक क्रमांक आणि गाडीवर दुसरा असे निघाले, तर दावा अडकतो.

ज्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, त्यांनी बीएच, म्हणजे 'भारत', या नोंदणी क्रमांकांच्या मालिकेचा विचार जरूर करावा. ही मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. संरक्षण दलांतील, केंद्र व राज्य सरकारांतील आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. कर दोन-दोन वर्षांचा भरतात, आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच राहतो. आधी नोंदलेली गाडीही कर भरून या मालिकेत आणता येते.

आता प्रत्यक्ष प्लेट

नवा क्रमांक मिळाला, की जुनी प्लेट काढून रस्त्याकडेच्या दुकानातून नवी रंगवून घ्यायची नाही. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या नव्या गाड्यांना कंपनीकडूनच उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवून मिळते. जुन्या गाडीला आणि नवा क्रमांक घेतलेल्या गाडीलाही तीच लावावी. ती अधिकृत पोर्टलवरून किंवा आपल्या कंपनीच्या डीलरकडूनच मागवावी. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे पुष्कळ आहेत, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी पत्ता नीट वाचावा.

माझ्या मावसभावाच्या गाडीची मागची प्लेट पार्किंगमध्ये धक्का लागून वाकली. त्याने घाईने एका दुकानातून 'अगदी तशीच' प्लेट करून आणली. लांबून पाहिले तर फरक कळत नव्हता. पावसाळा आला आणि होलोग्राम म्हणून चिकटवलेला चकचकीत तुकडा एका कोपऱ्यातून सुटून लोंबू लागला. आठवडाभरात त्याचे चालान कटले, आणि त्यानंतर खरी प्लेट मागवण्याचा खर्च त्याला करावाच लागला.

म्हणून प्लेट हातात आली की टॉर्च घेऊन पाच मिनिटे खाली बसावे. डाव्या वरच्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा, अशोकचक्र असलेला क्रोमियमचा होलोग्राम धातूवर गरम दाबाने उठवलेला असतो. नख लावले तर त्याची कड सुटत नाही. त्याच्या खाली निळ्या अक्षरांत आयएनडी हे देशाचे चिन्ह असते. खालच्या डाव्या बाजूला किमान दहा अंकांचा लेझर क्रमांक कोरलेला असतो, आणि तो पुढच्या व मागच्या प्लेटवर वेगवेगळा असतो. मोठी अक्षरे उठावदार असतात, आणि प्रकाश तिरपा पडला की त्यांवर 'इंडिया' हा शब्द तिरक्या ओळींत दिसतो. प्लेट साध्या स्क्रूने बसवलेली नसते, तर एकदा बसल्यावर तोडल्याशिवाय निघत नाही अशा स्नॅप लॉकने बसवलेली असते. चारचाकीच्या समोरच्या काचेवर आतून डाव्या कोपऱ्यात एक स्टिकरही लागतो. त्यावर नोंदणी क्रमांक, दोन्ही प्लेटचे लेझर क्रमांक, इंजिन व चेसिस क्रमांक असतात, आणि त्याचा रंग इंधनावर ठरतो: पेट्रोल व सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. हा स्टिकर सनफिल्मखाली झाकू नये.

काय चालत नाही

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० आणि ५१ या बाबतीत स्पष्ट आहेत. मोटारीच्या प्लेटवरील अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांमधील अंतर १० मिलिमीटर असावे. नक्षीदार वळणाची अक्षरे, नावे, चित्रे, देवाचे फोटो, पक्षाची चिन्हे यांना प्लेटवर जागा नाही. ८०५५ चे 'बॉस' आणि ४१४१ चे 'दादा' करून मिरवणे हा सरळ नियमभंग आहे. क्रमांक रोमन अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांतच हवा. आपल्यापैकी काही जण भाषेच्या प्रेमापोटी देवनागरी अंकांची प्लेट लावतात. त्या प्रेमाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण अपघात करून पळालेल्या गाडीचा क्रमांक केरळच्या किंवा आसामच्या माणसालाही वाचता आला पाहिजे, म्हणून प्लेटपुरता तो हट्ट सोडावा.

रंगही आपल्या मर्जीचा नसतो. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरे, व्यावसायिक गाडीला पिवळ्यावर काळी, विजेवरच्या खासगी गाडीला हिरव्यावर पांढरी. तात्पुरत्या नोंदणीला पिवळ्यावर लाल, तर डीलरच्या गाडीला लालवर पांढरी.

नियमाप्रमाणे नोंदणी चिन्ह न दाखवता गाडी चालवणे कलम ३९ चे उल्लंघन ठरते, आणि कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पुन्हा तीच चूक झाली, तर ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. दुसऱ्याचा क्रमांक लावणे हा तर दंड भरून सुटण्यासारखा विषय नाही. त्यात भारतीय न्याय संहितेतील फसवणूक आणि बनावटीची कलमे लागतात.

परदेशी प्लेटची गाडी

आखातातून किंवा युरोपातून रस्त्याने प्रवास करत आलेली गाडी कधीतरी इंदुरातही दिसते. अशा खासगी गाड्यांसाठी २०२२ साली केंद्राने स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार चालकाने मूळ देशाचे नोंदणी प्रमाणपत्र, वैध परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि लागू असल्यास प्रदूषण प्रमाणपत्र जवळ ठेवायचे असते. कागद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असतील, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. भारतात स्थानिक प्रवासी किंवा माल वाहून नेता येत नाही. तुमचा पाहुणा अशी गाडी घेऊन आला असेल, तर जाताना ती येथेच विकण्याचा विचार त्याने करू नये, कारण सीमाशुल्क न भरता आणलेली गाडी मुदतीत परत न्यावीच लागते. २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे गैरमार्गाने आल्याच्या संशयावरून महागड्या गाड्या जप्त केल्या, तेव्हा त्या विकत घेणाऱ्यांवरही चौकशीला तोंड देण्याची वेळ आली. आपल्या भारतीय गाडीवर शोभेसाठी युरोपीय धाटणीची लांब पट्टी लावणेही तितकेच बेकायदा आहे.

आपला क्रमांक दुसऱ्याच गाडीवर असेल तर

एका सकाळी मला अशा शहरातले ई-चालान आले, जेथे माझी गाडी कधीच गेली नव्हती. फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा क्रमांक माझा होता, पण गाडी काळी होती. माझी पांढरी आहे. असे झाले तर दंड भरून विषय मिटवू नये, कारण भरलेला दंड कबुलीसारखा धरला जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी चालानवरील फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण उतरवून घ्यावे. आपल्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो, प्लेटचा लेझर क्रमांक दिसेल असा जवळचा फोटो, आणि त्या दिवशीचा फास्टॅगचा तपशील किंवा सोसायटीच्या फाटकावरील नोंद जोडावी. त्यानंतर ई-चालान पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवण्याचा नियम आहे, म्हणून सूचनेवरील तारखाही तपासाव्यात.

पोलीस ठाण्यात अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. ती प्रत आरसीच्या प्रतीसोबत गाडीतच ठेवावी. तोच क्रमांक लावलेली दुसरी गाडी उद्या एखाद्या गंभीर गुन्ह्यात सापडली, तर आपण आधीच सूचना दिली होती हे दाखवणारा तोच एक कागद हाताशी असेल.