साठ जणांचा वर्ग, एकच मोबाइल: कार्डांवर मत कसं घ्यावं

‘कळलं का?’ विचारलं की वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो. खरं काय ते पेपर तपासताना दिसतं. प्रत्येकाचं मत वेगळं मिळवायला प्लिकर्स या ॲपची कागदी कार्डं पुरतात: मुलं कार्ड उंच धरतात, तुमच्या फोनचा कॅमेरा ती वाचतो. मुलांकडे फोन नसला तरी चालतं, तुमच्या फोनवर मात्र ॲप आणि नेट हवं.

६३ कार्डांचा संच साइटवरून मोफत मिळतो. एका ए-फोरवर दोन कार्डं येतील असा जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन नको. ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेरा गोंधळतो. कार्डाचा नंबर हाच रोल नंबर ठेवा. कार्डावरच्या काळ्या आकृतीच्या चार बाजूंना A, B, C, D ही पर्यायांची अक्षरं असतात, त्यातलं निवडलेलं अक्षर वरच्या बाजूला धरायचं. बोटं काळ्या आकृतीवर आली की कार्ड वाचलं जात नाही, हे पहिल्याच दिवशी करून दाखवा.

खरी मेहनत प्रश्नात आहे. व्याख्या विचारू नका. ‘चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूवर त्याचं त्वरण किती?’ असं विचारा. वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, असं बरीच मुलं धरून चालतात. तो पर्याय हवाच. कॉमर्सला ‘घसारा नोंदवला की रोख शिल्लक घटते का?’ हा प्रश्न तेच काम करतो. चुकीचे पर्याय मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून उचला, मनाने रचलेले फसवे वाटत नाहीत.

पुढची पद्धत हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची, १९९१ पासूनची. दीड मिनिट गप्प विचार, मग मत. फोन डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चा घेऊ नका, मुद्दा पुन्हा शिकवा. ७० च्या वर गेली तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे चला. मधे असतील तर वेगळं उत्तर दिलेला शेजारी शोधून त्याला पटवायला सांगा. तीन मिनिटांनी पुन्हा मत, त्यानंतरच उत्तर.

घात होतो तो इथेच: पहिल्या मतदानाचा आलेख प्रोजेक्टरवर दिसला की चर्चा संपली, सगळे उंच दांड्याकडे वळतात. तो झाकून ठेवा. बरोबर उत्तराला गुण ठेवलेत, तर मुलं शेजारच्याची नक्कल करतील.

एका प्रश्नाला आठ-दहा मिनिटं जातात, म्हणून तासाला दोनच. १२० चा वर्ग असेल तर ॲप सोडा. चार रंगांचे कागद छातीशी धरायला लावा आणि टक्केवारी नजरेने अजमावा.