खान्देशातून परदेशी: कागदपत्रांचे प्रमाणीकरण कसे करून घ्यावे

मुलाला कॅनडात प्रवेश मिळतो, मुलीचा नवरा दुबईला नोकरी पत्करतो, आणि मग पिशवीतून जन्मदाखले, गुणपत्रके, विवाह नोंदणीचे कागद बाहेर निघतात. त्या वेळी बहुतेक घरांतून पहिला प्रश्न येतो तो "शिक्का कुठे मारून मिळतो?" असा. माझ्या मते प्रश्नच उलटा विचारायला हवा. ज्या कार्यालयाला, विद्यापीठाला किंवा मालकाला कागद द्यायचा आहे, त्याला नेमके कोणते कागद, कोणत्या प्रकारे प्रमाणित केलेले, कोणत्या भाषेत आणि किती ताजे हवे आहेत, हे आधी त्याच्याकडून लेखी मागवावे. हा मजकूर ई-मेलने आला तरी पुरे, परंतु तो हाती असल्याशिवाय मुंबईचे तिकीट काढू नये, कारण गरज नसताना सहा कागद प्रमाणित करून आणलेली आणि हवा असलेला सातवा राहून गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

प्रमाणीकरण म्हणजे काय, याविषयीचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. कोणताही शिक्का कागदातील मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की आधीच्या पायरीवरची सही त्याच अधिकाऱ्याची आहे, तो अधिकारी त्या पदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. ग्रामसेवकाच्या सहीला राज्य शासन ओळखते, राज्य शासनाच्या सहीला परराष्ट्र मंत्रालय ओळखते, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सहीला परका देश ओळखतो. ही साखळी आहे, आणि तिची मधली एक कडी गाळून पुढच्या कडीवर जाता येत नाही.

5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग येथे झालेल्या करारामुळे या साखळीचे शेवटचे टोक पुष्कळ सोपे झाले. त्या करारातील देशांमध्ये दूतावासाच्या शिक्क्याची गरज उरत नाही; आपल्या देशाने एक ठरावीक नमुन्याचे प्रमाणपत्र, म्हणजे अपोस्टिल, कागदाला जोडले की पुरते. भारतासाठी हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे आणि आज 120हून अधिक देश त्यात आहेत. सौदी अरेबियासाठी तो 7 डिसेंबर 2022 पासून, तर कॅनडासाठी 11 जानेवारी 2024 पासून लागू झाला, म्हणून या दोन देशांबद्दल त्याआधी गेलेल्या शेजाऱ्याने सांगितलेली पद्धत आता जशीच्या तशी चालत नाही. उलट संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार हे देश या करारात नाहीत. तिथे जाणाऱ्या कागदावर परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर, म्हणजे अपोस्टिलऐवजी मिळणाऱ्या साध्या शिक्क्यानंतर, त्या देशाच्या भारतातील दूतावासाचा किंवा वकिलातीचा शिक्काही लागतो, आणि अमिरातीत पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्यातही कागद न्यावा लागतो. देश करारात आहे एवढे पाहूनही थांबू नये. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या सहभागाला तिने आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे तिथे भारतीय अपोस्टिल चालत नाही आणि कागदांची खातरजमा जर्मन वकिलात आपल्या पद्धतीने करून घेते. यादी बदलत राहते, म्हणून हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावरील, या करारातील देशांचा तक्ता अर्ज करण्याच्या आठवड्यात एकदा पाहावा.

आता मूळ कागदाकडे वळू, कारण खान्देशातील बहुतेक अर्ज मंत्रालयात अडत नाहीत. ते गावातच, मुळाशी बिघडलेले असतात. सर्वांत मोठी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव अशा दोन वेगळ्या ओळी असतात. आणि जन्मदाखल्यावर कधी बाळाचे नावच नसते, फक्त मुलगा किंवा मुलगी एवढे लिहिलेले असते. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. चौधरी हे आडनाव इंग्रजीत लिहिताना कुणी शेवटी 'आय' लावतो, कुणी 'वाय', कुणी सुरुवातीला 'ए-यू' लिहितो तर कुणी 'ओ-यू'. सोनवणे आणि वाघ यांचेही असेच. गावात या फरकाकडे कुणी पाहत नाही, पण परक्या देशातील कारकुनाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे असतात. म्हणून सगळे कागद एका रांगेत मांडून, पासपोर्टवरील नाव प्रमाण मानून, प्रत्येक कागदावरील नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ अक्षर न अक्षर ताडून पाहावे. फरक असेल तर मूळ नोंदीत दुरुस्ती करून घेणे हा पहिला मार्ग. ती शक्य नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि नाव खरोखर बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी, असा क्रम लावावा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना या गोष्टीचा सर्वाधिक त्रास होतो, कारण त्यांचे शिक्षण माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असतो. त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला या दोन नावांमधला दुवा म्हणून प्रत्येक संचाबरोबर ठेवावा.

जन्मस्थळाच्या बाबतीत आपल्या भागाची स्वतःची एक भानगड आहे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी शहाद्यात किंवा तळोद्यात जन्मलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा धुळे असतो, आणि पासपोर्टवर मात्र नंदुरबार. जळगाव आणि धुळे ही नावेही जिल्ह्यांना नंतर मिळाली. 1906 साली खान्देशचे जे दोन भाग झाले त्यांना पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश म्हणत, आणि आजी-आजोबांच्या कागदांवर तीच नावे सापडतात. अशा वेळी जुना दाखला न देता, आजच्या नोंदवहीवरून काढलेला, निबंधकाच्या ताज्या सहीचा आणि शक्य तो क्यूआर कोड असलेला नवा उतारा घ्यावा. याचा दुहेरी फायदा होतो. जिल्ह्याचे नाव जुळते, आणि वरच्या कार्यालयात सध्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना असण्याची शक्यता जास्त राहते. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या ग्रामसेवकाची सही ओळखणार तरी कोण? जन्माची नोंदच झालेली नसेल तर विलंबाने नोंदणी करावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील 2023च्या दुरुस्तीनंतर एक वर्षाहून जास्त उशीर झालेल्या नोंदणीसाठी जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. या कामासाठी काही महिने हातात धरूनच पुढचे वेळापत्रक आखावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे सर्रास चुकते. कागद ज्या राज्याने दिला, त्याच राज्याच्या शासनाने तो प्रमाणित करायचा असतो. अर्जदार कुठे राहतो याला अर्थ नाही. खान्देशातील कितीतरी कुटुंबांचा एक पाय सुरतेत असतो, मुले तिथल्या रुग्णालयात जन्मतात. रावेर-यावलकडील काहींचे जन्म बऱ्हाणपुरात झालेले असतात. सुरत महापालिकेचा जन्मदाखला मुंबईच्या मंत्रालयात चालणार नाही, त्यासाठी गांधीनगर. बऱ्हाणपूरच्या दाखल्यासाठी भोपाळ.

शैक्षणिक कागदांसाठी मूळ संस्थेची पडताळणी ही पहिली पायरी. दहावी-बारावीसाठी आपल्या तिन्ही जिल्ह्यांचे विभागीय मंडळ नाशिकला आहे. पदवीसाठी मात्र वर्ष पाहावे लागते. जळगावचे विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजी सुरू झाले. त्याआधी खान्देशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती, म्हणून त्या काळातील पदवीधराने गिरणेच्या काठावर न जाता पुण्याला अर्ज करायचा असतो. शिवाय 2018 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले, आणि पुणे विद्यापीठाला 2014 साली सावित्रीबाई फुले यांचे. परदेशातील तपासनीसाला जुन्या पदवीवरचे नाव संकेतस्थळावर सापडत नाही आणि तो शंका काढतो. नामांतराविषयी विद्यापीठाचे एक पत्र सोबत घेतले की ती शंका उरत नाही. वैद्यकीय पदव्या 1998 पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, हे डॉक्टर मंडळींना सांगायला नकोच.

यानंतर राज्य शासन. जन्म, मृत्यू, विवाह यांचे दाखले, प्रतिज्ञापत्रे आणि मुखत्यारपत्रे ही वैयक्तिक कागदांत मोडतात आणि ती राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून प्रमाणित होतात. शैक्षणिक कागद शिक्षण खात्याकडून. प्रतिज्ञापत्र आणि मुखत्यारपत्र हे खासगी कागद असल्यामुळे त्यांच्यावर आधी नोटरीची सही, शिक्का आणि नोंदवहीतील अनुक्रमांक असावा लागतो. न्यायालयाचा हुकूमनामा, उदाहरणार्थ घटस्फोटाचा, पाठवायचा असेल तर त्याची झेरॉक्स चालत नाही. न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळालेली प्रमाणित प्रतच पुढे जाते. पासपोर्ट कार्यालयाने दिलेला पोलीस तपासणीचा दाखला केंद्र शासनाचाच असल्यामुळे त्याला राज्याची पायरी लागत नाही. केळीची निर्यात करणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावे की व्यापारी आणि सीमाशुल्काशी थेट संबंधित प्रशासकीय कागद हेगच्या कराराबाहेर ठेवलेले आहेत. मालाचे बीजक, उत्पत्तीचा दाखला अशा कागदांची सुरुवात चेंबर ऑफ कॉमर्सपासून होते आणि पुढचे सगळे माल घेणाऱ्या देशाच्या अटींवर ठरते.

शेवटी परराष्ट्र मंत्रालय. पूर्वी सगळ्यांना दिल्लीच गाठावी लागे. 2019 पासून मुंबईसह अनेक शहरांत हे काम होते. अर्जदाराकडून कागद थेट खिडकीवर घेतले जात नाहीत, मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांमार्फतच ते द्यावे लागतात. साध्या साक्षांकनाला मंत्रालय शुल्क घेत नाही, अपोस्टिलला प्रत्येक कागदामागे 50 रुपये घेते, आणि नेमलेली संस्था आपले ठरावीक सेवाशुल्क वेगळे लावते. हा आकडा मुद्दाम सांगितला, कारण बाजारात एका कागदासाठी हजारो रुपये मागणारे भेटतात. दलाल नेमूच नये असे माझे म्हणणे नाही. तळोद्याच्या माणसाला मुंबईच्या तीन फेऱ्या परवडत नसतील तर त्याने तो नेमावा, पण शासकीय शुल्क किती आणि दलाली किती हे पावतीवर वेगवेगळे लिहून घ्यावे, आणि राज्याची पायरी महाराष्ट्र शासनाकडूनच होणार की दुसऱ्या राज्यातील उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या शिक्क्यावर भागवणार, हे आधी विचारावे. माझ्या एका नातलगाच्या पदवीवर असा परगावचा शिक्का मारला गेला. काम लवकर झाले म्हणून सगळे खूश होते, आणि दूतावासाने तो कागद परत पाठवल्यावर सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागली. काही मंडळे आणि विद्यापीठे ई-सनद या कागदांच्या ऑनलाइन प्रमाणीकरणाच्या शासकीय संकेतस्थळाशी जोडलेली आहेत. 2017 साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कागदांपासून ती सुरुवात झाली. आपली संस्था त्यात असेल तर मूळ कागद हातातून न सोडता काम होते, म्हणून तिथे आधी पाहावे.

अपोस्टिलचा स्टिकर बहुधा मूळ कागदाच्या मागच्या बाजूला लागतो. म्हणून लॅमिनेशन केलेले प्रमाणपत्र ही एक डोकेदुखीच आहे. प्रेमापोटी वडिलांनी पदवी लॅमिनेट करून भिंतीवर लावलेली असते, ते प्लास्टिक काढताना शाई निघून येते, आणि मग दुय्यम प्रत मागवावी लागते. काढण्याचा घरगुती प्रयोग करू नये. विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करणे सुरक्षित.

भाषांतराचा क्रम सगळ्यांत शेवटी ठरवू नये. मराठी दाखल्याला अपोस्टिल मिळते, पण वाचणाऱ्याला मराठी येत नाही. काही देशांना मूळ कागद अपोस्टिलसह आणि त्याचे भाषांतर त्यांच्याच देशातील शपथबद्ध भाषांतरकाराकडून हवे असते. काहींना इंग्रजी भाषांतर नोटरीपुढे करून तेही स्वतंत्रपणे प्रमाणित केलेले लागते. सुरुवातीला मागवलेल्या त्या लेखी उत्तरात हा मुद्दा नसेल तर पुन्हा विचारावे. द्विभाषिक दाखला मिळत असेल तर तोच घ्यावा, म्हणजे भाषांतरकाराने गावाच्या नावाचे चौथे स्पेलिंग तयार करण्याचा धोका टळतो.

उलट दिशेने येणाऱ्या एका कागदाबद्दलही सांगायला हवे, कारण त्यावरून घराघरांत वाद झालेले आहेत. परदेशातील भाऊ शेतीच्या खरेदीखतासाठी इथल्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवतो. ते तिथल्या नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत केलेले असावे, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले असावे. पाकीट कोणत्या तारखेला आले हे सिद्ध करावे लागते, म्हणून कुरिअरची पावती आणि पाकीट दोन्ही त्या मुखत्यारपत्रालाच टाचून ठेवावीत.