मुलामुलींना खोल्या देताना

नेरूळला एकाच मजल्यावर आमचे समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. 2011 पासून मी ते कॉलेजच्या मुलांना देते. आधी दोन्हीकडे मुलगेच होते. आता मुलीही असतात आणि जेवायला सगळी खाली आमच्या टेबलावर येतात. डी. वाय. पाटील, तेरणा, एसआयईएस, सगळीकडची मुलं असतात. त्यांच्यात एखादा मुलगा गे असतो, एखादी मुलगी लेस्बियन असते. तुम्ही खोल्या देत असाल तर तुमच्याकडेही ती राहून गेली असतील, तुम्हाला सांगितलं नसेल इतकंच. त्यांना आपल्या घरात निर्धास्त झोप लागावी म्हणून काय करायचं, ते लिहिते आहे.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते. 2017 च्या जुलैत तिघांच्या खोलीतल्या एकाने दुसऱ्याचा फोन उघडून पाहिला. त्यात एका मुलाशी झालेलं बोलणं होतं. त्या बोलण्याचे फोटो काढून पाहणाऱ्याने ते ग्रुपवर टाकले. रात्री अकराला आरडाओरडा माझ्यापर्यंत आला. मी घाबरले आणि ज्याचा फोन होता त्याच्याच वडिलांना कळवलं. चोरून फोन पाहणाऱ्याला मी एका शब्दाने बोलले नाही. वडील पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून आले, हॉलमध्ये खुर्चीवर बसले, पाणीही घेतलं नाही. मुलगा आतून बॅग घेऊन आला. बॅगेची चेन अर्धी उघडी होती, ओला टॉवेल बाहेर लोंबत होता. त्याचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष तिथेच सुटलं. मी जबाबदारीने वागतेय असं मला वाटत होतं. एका फोनमध्ये मी त्याचं घरही घालवलं आणि कॉलेजही.

म्हणून पहिलं काम फॉर्मचं. ‘वडिलांचा नंबर’ ही छापील ओळ मी काढून टाकली. आता विचारते, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा? कोणी बहिणीचा नंबर देतं, कोणी मामाचा, कोणी मैत्रिणीचा. अठराच्या आतलं मूल असेल तर पालक लागतातच. पण मोठ्या मुलाचं खासगी आयुष्य परस्पर त्याच्या घरी पोचवायचा अधिकार आपल्याला नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

मग कड्या. हसू नका, निम्मी सुरक्षितता कडीत असते. बाथरूमला आतून घट्ट बसणारी कडी हवी, दारावरची काच अपारदर्शक हवी. प्रत्येकाला स्वतःचं कपाट आणि त्याला स्वतःचं कुलूप. आमच्याकडे तिघांत एकच लोखंडी कपाट होतं, कोणीही कोणाचं काहीही चाळायचं. सुताराला बोलावून एका दुपारात कोयंडे बसवून घेतले. खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, पण दार वाजवल्याशिवाय आणि उत्तर आल्याशिवाय मी आत जात नाही.

खोली कोणासोबत द्यायची, इथे सगळं घडतं किंवा बिघडतं. ‘तू गे आहेस का?’ असं कधीच विचारू नका. मी प्रत्येकाला एकेकटं बसवून दोन गोष्टी विचारते. रात्री किती वाजता झोपतोस? कोणासोबत राहायला नको वाटेल? कारण मागत नाही. वर्षभर एक कॉट मुद्दाम रिकामी ठेवते. भाडं बुडतं, पण रात्री दहाला कोणी दारात आलं तर त्याला झोपायला जागा असते. आणि त्रास झालाच, तर खोली त्रास देणाऱ्याने सोडायची. ज्याला त्रास झाला त्यालाच हलवलं, की सगळ्यांना कळतं घर कोणाच्या बाजूने आहे.

मुलंमुली एकत्र ठेवायला लोक घाबरतात. पण 2022 मध्ये दोन मैत्रिणी आणि त्यांचा एक मित्र माझ्याकडे आले, तिघांना एकच फ्लॅट हवा होता. मुलगा म्हणाला, काकू, मुलांच्या खोलीत मी रात्रभर जागा असतो. मला साताऱ्याचा मुलगा आठवला. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिथल्या रटगर्स विद्यापीठात 2010 साली एका मुलाला त्याच्या रूममेटने वेबकॅमवरून चोरून पाहिलं होतं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मुलाने जीव दिला. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने मुलगा-मुलगी न पाहता रूममेट निवडायची सोय केली. आपल्याकडेही देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत 2018 मध्ये तसं वसतिगृह सुरू झालं. मी तिघांना फ्लॅट दिला, दोन खोल्यांना वेगवेगळी कुलपं लावून.

सेक्रेटरी वर आले. म्हणाले, कमिटीची परवानगी घेतली नाहीत. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. ते कागद मी फाईलमधून काढून हातात ठेवले. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, हेही सांगितलं. भाडेकरूंचं लग्न झालंय का, कोण कोणाचं कोण लागतं, यावर मी बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणी करणं मालकाचं काम आहे. ते केलं नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. एक महिन्याच्या नोटिशीशिवाय बाहेर काढणार नाही, ही ओळ त्यात घाला. ‘असला मुलगा नको’ म्हणून रातोरात सामान जिन्यात ठेवलेलं मी शेजारच्या इमारतीत पाहिलंय.

कॉलेजमध्ये किंवा हॉस्टेलवर छळ होत असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत 2016 पासून लैंगिक कल हा शब्द स्पष्ट घातलेला आहे, चिडवणं आणि वाळीत टाकणंसुद्धा त्यात येतं. हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास. हा नंबर मी फ्रीजवर चिकटवलाय, मेसच्या वेळापत्रकाशेजारी.

डेटिंग ॲपवरून भेटायला बोलावून पैसे उकळण्याचे प्रकार होतात. मुलांना सांगा, पहिली भेट गर्दीत, वाशी स्टेशनबाहेर नाहीतर मॉलमध्ये, कोणाच्या खोलीवर नाही. आणि निघताना एका मित्राला ठिकाण कळवायचं. ‘घरी सांगीन’ म्हणून कोणी धमकावलं तर एक रुपयाही द्यायचा नाही, चॅट पुसायचं नाही, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. खंडणी हा गुन्हा आहे आणि गुन्हेगार मागणारा आहे. 6 सप्टेंबर 2018 ला, गणपती आठवड्यावर आले असताना, सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम रद्द केलं. पोलिसांत गेलो तर आपल्यालाच अडकवतील, या भीतीने मुलं गप्प बसतात. म्हणून हे तारखेसकट सांगायचं, आणि गरज पडली तर चौकीत सोबत जायचं. मी एकदा गेले आहे.

कोणी ‘उपचार करून घे’ म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. हा आजार नाही, आणि असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये सांगितलं. मूल खचलेलं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, मराठीतही बोलता येतं.

राहिलं ते, कोणी आपणहून सांगितलं तर काय करायचं. गेल्या वर्षी एक मुलगा ताट ठेवायला म्हणून मागे थांबला. नळ सोडून पाण्याच्या आवाजात बोलला. मी नळ बंद केला नाही. फक्त विचारलं, हे अजून कोणाला माहीत आहे? आणि कोणाला कळायला नको? तो म्हणाला, आईला माहीत आहे, बाबांना नाही. मी हात पुसले, फाईल काढली आणि त्याच्या फॉर्मवर बाबांचा नंबर खोडून आईचा लिहिला.